धाकटा दांडा

सोमवार, २ सप्टेंबर

रुग्णालयाच्या वर्कशॉपमधली कामाची वही वेगळी आहे. तिच्यात काय तपासलं आणि काय बदललं एवढंच लिहायचं असतं. "मला वाटतं" असं लिहिलं की फोरमनसाहेब लाल पेनाने काट मारतात. म्हणून ही दुसरी वही केली आहे. हिच्यात वाटेल ते लिहीन, आणि सध्या मला बरंच काही वाटतंय.

आज वरच्या गाडीची तक्रार माझ्याकडे आली. रुग्णालयाच्या गाड्यांमध्ये चारही चाकांना जोर देता येणारी ही एकच. डॉक्टर, सिस्टर आणि औषधांच्या पेट्या घेऊन ती घाट चढते, पलीकडच्या वस्त्यांवर दवाखाना भरवते आणि संध्याकाळी परत येते. सिस्टरांचं म्हणणं असं की वळणावर गाडीच्या पोटातून कण्हल्यासारखा आवाज येतो, मग कुठेतरी 'कुट्' होतं, मग पुन्हा कण्हणं.

फोरमनसाहेब म्हणाले, "ही केस तुझी. महिनाअखेर तुझा शिकाऊ काळ संपतो. आवाज सापडू दे, मी तुझं नाव कायम करायला वर पाठवतो."

"आणि नाही सापडला तर?"

"आधी खाली वाकून तर बघ."

एवढंच असतं तरी मला झोप लागली नसती. त्यात वरच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत ते माझे बाबा. मी आमच्या घरात शाळेत गेलेली पहिली. बाबांना सही येते आणि रस्त्यावरच्या पाट्यांची चित्रं कळतात, आईला तेही नाही. मी इथे लागले त्या दिवशी बाबा खात्यातल्या प्रत्येकाला म्हणाले होते, "आता माझ्या गाडीला घरचीच डॉक्टर."

घरी आल्यावर त्यांना विचारलं. ते बूट काढत होते.

"जुनी गाडी आहे. हाडं वाजायचीच. माझी नाही वाजत?"

आई म्हणाली, "तुमची उठता-बसता वाजतात, ते मला माहीत आहे. गाडीचं काय ते तिला सांगा."

ते हसले. दुसरा बूट काढून कोपऱ्यात ठेवला.

मंगळवार, ३ सप्टेंबर

गाडी आज दिवसभर माझ्या ताब्यात होती. आमचं आवार माती आणि खडीचं आहे. गाडी आवारात गोल गोल फिरवली, आधी डावीकडे, मग उजवीकडे. आवाज नाही. मागे सायलेन्सर बसला होता. हा आमचा जुना मेकॅनिक. तोंड कधी बंद नसतं म्हणून त्याला हे नाव पडलं.

"इंजिनीअरबाई, पेशंट डॉक्टरसमोर आला की खोकत नाही. माझा मेव्हणा असाच आहे. घरी मरायला टेकतो आणि दवाखान्यात गेला की तिथल्या नर्सला जोक सांगतो."

गाडीत दोन दांडे आहेत. मोठा गिअरचा, आणि त्याच्या शेजारी एक बुटका. तो ओढला की पुढची चाकंही मागच्यांबरोबर जोर लावतात. मी लहान असताना बाबा मला मांडीवर बसवून शिकवायचे, "थोरला रोज कामाला जातो. धाकटा फक्त चिखलात उठतो. डांबरावर धाकट्याला उठवायचं नाही, झोपू द्यायचं." अक्षरओळख व्हायच्या आधी मला हे पाठ होतं.

काही राहायला नको म्हणून आज धाकटा दांडाही ओढून पाहिला. चारही चाकं नीट ओढतात, आवाज नाही. म्हणजे त्या बाजूला दोष नाही. कामाच्या वहीत तसं लिहिलं.

दांड्याच्या मुठीला जुनं फडकं गुंडाळलेलं आहे. बाबांना विचारलं तर म्हणाले, "धाकट्याला थंडी वाजते." फडकं ओलसर होतं. गाडीत पाणी कुठून येतंय तेही बघायला हवं.

गुरुवार, ५ सप्टेंबर

काल पुढच्या शाफ्टचा क्रॉस बदलला. क्रॉस म्हणजे पुढच्या चाकांकडे जोर नेणारा शाफ्ट जिथे वाकतो तिथला सांधा. जुन्याला थोडी ढील होती. मला वाटलं, सापडला चोर. आज गाडी वर जाऊन आली. सिस्टर उतरल्या आणि माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. हो की नाही ते कळेना, म्हणून मी धावत गेले.

"आहे गं बाई, आहे. तसाच आहे. आज तर डॉक्टरही म्हणाले, खाली कोणाला तरी ठेचतोय आपण."

त्याआधी, गाडी आत येताना कशी वाजते ते ऐकायला मी गेटवर थांबले होते, तेव्हा वॉचमनने एक गंमत सांगितली. बाबा रोज गेटसमोर थांबतात, गाडी हातभर मागे घेतात आणि मगच आत येतात.

"गेटला नमस्कार करतात. आम्ही विचारलं, साहेब, नवस बोललात का काही? तर नुसते हसतात."

घरी विचारलं. बाबा म्हणाले, "सवय." आधी अशी सवय नव्हती. मी शाळेत असताना रोज त्याच गेटवरून त्यांच्याबरोबर घरी यायचे. पण माणसाला नवी सवय लागूच नये असं थोडंच आहे?

सोमवार, ९ सप्टेंबर

घरातलं लिहिते, कारण दुसरं काही सुचत नाही.

वर जायचं असेल त्या सकाळी बाबा काही खात नाहीत. पित्त, म्हणतात. आई म्हणते, झोपेत उजवा पाय जोरात आपटतात, तिला लागतो. मी म्हटलं, पायात गोळे येत असतील, पाणी कमी पितात. आईने कालपासून उशाशी तांब्या ठेवला आहे.

एक चांगली गोष्टही घडते आहे. बाबा हल्ली सकाळी मला पेपरातलं हवामान वाचायला सांगतात. पूर्वी त्याला हसायचे. "आकाश माझ्या डोक्यावर आहे, पेपरात कशाला बघू?" असं म्हणायचे. आता लक्ष देऊन ऐकतात. दव, धुकं, सगळं. "ओल असेल म्हणतंय का?" असं दोनदा विचारतात. माझ्या शिक्षणाचा घरात उपयोग होतोय हे बघून मला आज बरं वाटलं.

मंगळवार, १० सप्टेंबर

आज मी स्वतः गाडी बाहेर काढली. सायलेन्सर शेजारी. गावाबाहेरचा डांबरी रस्ता, दोन-तीन चांगली वळणं. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सवर आणि मूठ कानाला लावून तो ऐकत होता. त्याला माझा श्वास ऐकू आला म्हणे, दुसरं काही नाही.

"बाई, एवढी घाबरत गाडी चालवू नका. इंजिनाला कळतं."

परत येऊन पुढची चाकं काढली. बेअरिंग चांगले. तरी बदलले. पुढचे टायर मात्र कडांना चमत्कारिक झिजलेत, जणू कोणी किसणीवर घासलेत. चाकांची सरळ रेष तपासली, ती बरोबर आहे. सरळ चालणाऱ्या चाकाचा टायर असा का झिजावा? पुस्तक काढून बघितलं. पुस्तकात चार कारणं आहेत. तीन तपासून झाली. चौथं 'चालकाच्या चुकीच्या सवयी' असं आहे, ते इथे लागूच होत नाही.

सायलेन्सर म्हणाला, "दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय आपलं." तो हसला. मला हसू आलं नाही. मी चांगले सुटे भाग काढून फेकते आहे आणि मला काय शोधायचंय तेच माहीत नाही.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

फोरमनसाहेबांनी बोलावून घेतलं. महिनाअखेरीपर्यंत आवाज सापडला नाही तर गाडी शहरातल्या मोठ्या वर्कशॉपला जाईल आणि पूर्ण उघडली जाईल. तोवर वर भाड्याची गाडी जाईल, तिच्याबरोबर तिचा ड्रायव्हर येईल. बाबांना धुण्याच्या व्हॅनवर टाकतील. ती रुग्णालयाच्या चादरी धुवायला नेते आणि आणते. सपाट रस्ता, एकही चढ नाही.

वरच्या गाडीवर बाबांचं अर्धं आयुष्य गेलं. एकदा दरड कोसळली तेव्हा त्यांनी एका बाळंतिणीला बाजूच्या ओढ्यातून खाली आणलं होतं. ती बाई अजून वाटेत थांबवून त्यांना भेटते. त्यांना चादरींवर बसवायचं, तेही मला आवाज सापडत नाही म्हणून.

धीर करून घरी सांगितलं. मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "बरं." खांदे सैल पडले आणि ते मागे टेकून बसले. मग पोटभर जेवले. आई माझ्याकडे बघत होती, मी आईकडे. किती मनाला लावून घेतलं असेल, की बोलायचंही सुचू नये.

मी ठरवलं आहे. काही झालं तरी त्यांना व्हॅनवर जाऊ देणार नाही.

सोमवार, १६ सप्टेंबर

शनिवारी बाबांना म्हटलं, मला एकदा तुमच्याबरोबर वर न्या. नको म्हणाले. का? दवाखान्याच्या गाडीत घरचं माणूस नेत नाहीत. मी घरचं माणूस म्हणून नाही, वर्कशॉपची म्हणून येते. जागा नाही. पेट्यांवर बसते. मग आवाज चढला, "हट्ट करू नकोस." बाबांनी माझ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. मला वाटतं, त्यांचा माझ्यावर विश्वास उरलेला नाही. घरची डॉक्टर नापास झाली.

म्हणून सिस्टरांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. त्यांना सांगितलं, आज प्रवासात फक्त आवाज ऐका आणि कुठे सुरू होतो, कुठे थांबतो ते लक्षात ठेवा. त्यांनी फारच मन लावून ऐकलं. आवाज पांढरा पूल ओलांडल्यावर, घाट लागला की सुरू होतो. वस्त्यांकडच्या कच्च्या रस्त्यावर बंद. उतरताना सगळ्यात जास्त. पूल ओलांडून सपाटीला आलं तरी येतो, थेट आपल्या गेटपर्यंत. गेटच्या आत एकदम बंद.

"आणि एक सांगू? तुझे बाबा हल्ली घाटात बोलत नाहीत. पूर्वी वळणावळणाला काहीतरी म्हणत असायचे, आम्ही मागे कंटाळायचो. आता आम्हीही गप्प बसतो."

गाडी तापली की तेल पातळ होतं, पातळ तेलात गिअरचे दाते एकमेकांना लागतात, असं काही असेल का? पण मग कच्च्या रस्त्यावर ते थंड कसं होतं? आणि गेट ओलांडताना? गेटला कसं कळतं? दोन पानं भरून आकृत्या काढल्या आणि फाडल्या.

बुधवार, १८ सप्टेंबर

फोरमनसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, चष्मा काढला, पुसला आणि माझ्याऐवजी खिडकीतून गाडीकडे बघत राहिले.

"उद्या तू वर जा. पुढच्या सीटवर बस. माझा हुकूम आहे म्हणून सांग."

"साहेब, तुम्हाला काही लक्षात आलंय का?"

"तू जाऊन ये."

घरी सांगितलं. बाबांनी पेपरातलं हवामान वाचायला सांगितलं, सकाळचंच, संध्याकाळी पुन्हा.

गुरुवार, १९ सप्टेंबर

नीट, क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

डॉक्टर आणि सिस्टर मागे होते. मी पुढे बाबांच्या शेजारी. पांढऱ्या पुलापर्यंत काही नाही. पूल ओलांडून बाबांनी गाडी बाजूला घेतली. रस्ता डांबरी होता, कोरडा. त्यांनी फडक्यावर हात ठेवला आणि धाकटा दांडा ओढला. माझ्याकडे बघितलं नाही. जणू मी तिथे नव्हतेच, किंवा असणारच होते.

पहिल्या वळणावर गाडी कण्हू लागली.

याचं उत्तर मी परीक्षेत लिहिलं आहे. वळताना पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापावा लागतो. एरवी ती मोकळी असतात, आपापली धावतात. धाकटा दांडा ओढला की पुढची आणि मागची एकमेकांना बांधली जातात. चिखलात किंवा खडीवर चाक जरासं घसरून हिशेब मिटवतं. डांबर घसरू देत नाही. मग शाफ्टला पीळ बसत जातो, तो कण्हतो, आणि पीळ अगदी असह्य झाला की टायर उडी मारून सुटतो. तो 'कुट्'. या उत्तराला मला पैकीच्या पैकी गुण होते. मी ते इथे लावून बघितलं नाही, कारण डांबरावर धाकट्याला उठवायचं नाही हे ज्यांनी मला सांगितलं तेच गाडी चालवत होते.

सरळ रस्ता आला की बाबा हात त्या फडक्याला पुसत होते. बाबांच्या कपाळावर घाम होता आणि खिडकीतून गार वारा येत होता.

वर दवाखाना भरला तेव्हा आम्ही दोघं गाडीच्या सावलीत बसलो.

"बाबा, का?"

"चार चाकं धरून राहतात."

"धरून नाही राहत. उलट स्टिअरिंग जड होतं. वळणावर गाडी सरळ जायला बघते. तुम्हाला माहीत..."

"मला माहीत आहे गं. मीच शिकवलंय तुला."

मग बराच वेळ त्यांनी जमिनीवरचा एक खडा बुटाने इकडून तिकडे केला.

मग त्यांनी सांगितलं. गेल्या थंडीतली गोष्ट. उतरताना वरच्या मोठ्या वळणावर ओल होती. गाडी आडवी सरकली. मागचं चाक कठड्याच्या फटीत होतं, त्या फटीपलीकडे काही नव्हतं. मग ती आपोआप सरळ झाली आणि ते खाली आले.

"कोणाला लागलं?"

"नाही."

"गाडीला?"

"ओरखडाही नाही. मागे सगळे झोपलेले. सिस्टरांचं घोरणंसुद्धा थांबलं नाही." ते थोडं हसले. "कोणाला सांगू? आणि काय सांगू? काही झालंच नाही."

मला त्यांच्या हातावर हात ठेवायचा होता. आमच्याकडे तसं करत नाहीत. मी तोच खडा माझ्या बुटाने त्यांच्याकडे सरकवला.

परतताना पुन्हा सगळं तसंच. सपाटीला आल्यावर मी म्हटलं, आता तरी काढा. त्यांनी दांडा ढकलून दाखवला. निघत नव्हता. पीळ बसला की तो घट्ट अडकतो. गेटसमोर ते थांबले, गाडी हातभर मागे घेतली, पीळ सुटला, दांडा सहज निघाला. वॉचमनने सलाम ठोकला. "झाला नमस्कार?"

आत मातीवर गाडी अगदी शहाण्यासारखी उभी राहिली.

शुक्रवार, २० सप्टेंबर

कामाच्या वहीत काय लिहू?

'दोष सापडला नाही' असं लिहिलं तर ते खोटं आहे. गाडी उघडली जाईल, नाहीतर एक दिवस धाकट्या दांड्याखालची गिअरांची पेटी आतून फुटेल, आणि तेव्हा तिच्यात माणसं असतील. खरं लिहिलं तर 'चालकाची चुकीची सवय' असं लिहावं लागेल, माझ्या अक्षरात, माझ्या सहीने. इतक्या वर्षांत त्यांच्या नावावर एक शेरा नाही. पहिला मी देणार. आणि तो वाचूनही मलाच दाखवावा लागेल, कारण घरात वाचणारी मीच.

आईला सांगितलं. ती भांडी पुसत होती.

"म्हणजे ते पाय आपटतात ते..." ती थांबली. उजव्या पायाने फरशीवर एकदा दाबून बघितलं, सावकाश, ब्रेक दाबतात तसं. "आणि मी उशाशी पाणी ठेवतेय."

"मी काय लिहू आई?"

"मला लिहिण्यातलं काय कळतं? तू नऊवारीला इस्त्री कशी करू विचार, सांगते." मग म्हणाली, "पण आज लिहू नकोस. आज त्यांनी नाश्ता केलाय."

आज गाडी वर जाणार नव्हती. मी हे तिला सांगितलं नाही.

शनिवार, २१ सप्टेंबर

खरं लिहिलं. दोन ओळी झाल्या. वही घेऊन फोरमनसाहेबांकडे गेले तर त्यांनी ती उघडलीच नाही.

"तुझे बाबा सकाळीच येऊन गेले."

मला काही कळेना. बाबा घरून माझ्या आधी निघाले होते, मला वाटलं दाढी करायला गेलेत.

"म्हणाले, पोरीला लिहायला लागू नये म्हणून मीच सांगायला आलोय. त्या खुर्चीवर बसले होते. इतक्या वर्षांत त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं."

"मी लिहिलंय साहेब."

त्यांनी मग वाचलं. "सवय लिहिलीस. सवयीचं कारण नाही लिहिलंस."

"त्याला रकाना नाही."

त्यांनी लाल पेन उचललं, तसंच हातात ठेवलं आणि पुन्हा खाली ठेवलं. काट मारली नाही. गाडीच्या त्या पेटीचं तेल बदलायचं, आतले दाते बघायचे, पुढचे टायर नवे. वर भाड्याची गाडी. बाबा तूर्त धुण्याच्या व्हॅनवर.

"तूर्त म्हणजे, साहेब?"

"म्हणजे पुढचं ठरवलेलं नाही. पुढच्या रविवारी गाडी रिकामी आहे. दोघं बापलेक वर जाऊन या. त्यांना यायचं असलं तर."

साहेबांना आधीच कळलं होतं का, हे मी विचारायला गेले होते. विचारलं नाही. मला कायम करण्याबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की तेही विचारायचं राहिलं.

मंगळवार, २४ सप्टेंबर

सायलेन्सरला कोणी सांगितलं माहीत नाही, पण त्याला कळलंय. मला वाटलं, आता बाबांची चेष्टा होणार. बाबा व्हॅन घेऊन आले तेव्हा तो म्हणाला, "या साहेब, चादरी आल्या का? एक मला द्या, दुपारी टेकतो." एवढंच. नंतर माझ्याजवळ येऊन पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "माझाही एक जिना आहे. शिडी म्हणा. लहानपणापासून चढत नाही." आणि निघून गेला. कसली शिडी ते कळलं नाही.

बाबा सकाळी खातात. पाय मात्र अजून आपटतात, आई म्हणते. व्हॅनवर असूनही? मला वाटलं होतं, घाट थांबला की तेही थांबेल.

रविवार, २९ सप्टेंबर

काल रात्रीपर्यंत बाबांनी हो किंवा नाही म्हटलं नव्हतं. सकाळी मी पेपर घेऊन बसले आणि हवामानाचं पान काढलं. ते म्हणाले, "राहू दे." मला वाटलं, यायचं नाही. मग बघते तर ते बूट घालत होते.

पांढऱ्या पुलाशी त्यांनी गाडी बाजूला घेतली. मी खिडकीतून बाहेर बघितलं. मला तिकडे बघायला काही नव्हतं, एक टपरी होती, बंद. पण आत बघितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, मी तपासते आहे. गाडी निघाली. मी सबंध घाटभर माझ्या बाजूच्या कठड्याकडे बघत राहिले आणि कान टवकारून ऐकत राहिले. इंजिनाचा आवाज, काचेवरचा वारा. मोठ्या वळणावर धुकं होतं. गाडी फारच हळू झाली. मागून कोणीतरी हॉर्न दिला. बाबांनी त्याला हाताने पुढे जायला सांगितलं आणि त्याच संथपणे वळण घेतलं. मग ते एकाएकी बोलू लागले, या वळणाला पूर्वी एक आंब्याचं झाड होतं, ते कोणी तोडलं, तोडणाऱ्याचं पुढे काय झालं. ती गोष्ट उतरेपर्यंत संपली नाही.

कण्हण्याचा आवाज मी ऐकला नाही. पण वारा बराच होता आणि बाबा बोलत होते. खात्रीने लिहिता येणार नाही.

परत आलो तेव्हा ते गेटसमोर थांबले आणि गाडी हातभर मागे घेतली.

मी मुद्दाम समोर गेटकडेच बघत राहिले. वॉचमन म्हणाला, "झाला नमस्कार?"

बाबा म्हणाले, "झाला."

ते उतरल्यावर मी दांड्याकडे बघितलं. झोपलेला होता. पण तो आत येतानाही झोपवता येतो, ते मी पाहिलंय. मुठीवर फडकं नव्हतं. ते समोर काचेपाशी पडलं होतं, धुकं पुसून काळं झालेलं. मग गाडी मागे का घेतली? पीळच नव्हता तर काय सोडवलं? विचारावं असं तीनदा मनात आलं. टायर बघून कळलं असतं, दोन मिनिटांचं काम होतं. मी टायर बघितले नाहीत. हे कामाच्या वहीत लिहिणार नाही.

दुपारी बाबा जेवून आडवे झाले आणि लगेच झोपले. मी हात धुऊन आत गेले तर आई त्यांच्या पायाशी बसली होती. हातात निवडायला काही नव्हतं, शिवायला काही नव्हतं. ती त्यांच्या उजव्या पायाकडे बघत होती.

मीही शेजारी बसले. अजून तरी तो हलला नव्हता.